चुंबकीय द्रव तापला की किती पातळ होतो? पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

चुंबकीय द्रव, म्हणजेच फेरोफ्लुइड, गरम केला की पातळ होतो आणि चुंबकीय क्षेत्रात ठेवला की दाट होतो. विषय एवढाच आहे असे वाटते, आणि पहिल्यांदा मोजायला बसणारा इथेच फसतो. वीस अंशांना एक आकडा, साठ अंशांना दुसरा आकडा, दोन्ही क्षेत्रात घेतलेले. दुसरा आकडा बराच लहान आला की निष्कर्ष लिहून मोकळे: ‘तापमान वाढल्याने चुंबकाचा परिणाम कमी झाला.’

हा निष्कर्ष त्या दोन आकड्यांवरून काढताच येत नाही. शुद्ध पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध, म्हणजे व्हिस्कॉसिटी) २० अंश सेल्सिअसला १.००२ मिलीपास्कल-सेकंद असते आणि ६० अंशांना ०.४६६. त्यात चुंबकीय कण एकही नाही, तरी ती निम्म्याहून खाली आली. तेलांचे तर याहून जास्त. तापमानामुळे जो पातळपणा येतो त्यातला मोठा वाटा वाहक द्रवाचा असतो. चुंबकाचा वाटा पाहायचा असेल तर प्रत्येक तापमानाला दोन वाचने लागतात, एक क्षेत्र बंद असताना आणि एक चालू असताना. मग त्यांचे गुणोत्तर काढायचे. खाली दिलेली सगळी मांडणी हे गुणोत्तर विश्वासाने काढता यावे यासाठी आहे. तापमाने सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

बाटलीत नेमके काय असते

साधारण १० नॅनोमीटर व्यासाचे मॅग्नेटाइटचे कण, त्यांच्यावर ओलेइक आम्लासारख्या पृष्ठसक्रियकाचा (कणांना एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पदार्थाचा) सुमारे २ नॅनोमीटर जाडीचा लेप, आणि वाहक म्हणून पाणी, रॉकेल, खनिज तेल किंवा एस्टर. नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ च्या सुमारास असा द्रव तयार केला तेव्हा वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून घ्यावे, असा हेतू होता. आज तो मुख्यतः फिरत्या दांड्यांच्या सीलमध्ये आणि ध्वनिवर्धकाच्या व्हॉइस कॉइलभोवती भरलेला असतो. दोन्ही जागा चालताना तापतात, म्हणून तापमानाचा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहत नाही.

याच्याशी नाव मिळतेजुळते असलेला एमआर (मॅग्नेटोरिऑलॉजिकल) फ्लुइड वेगळा. त्यात मायक्रोमीटर आकाराचे लोखंडी कण असतात, आणि क्षेत्र दिले की तो जवळपास थिजतो. खालची पद्धत त्याला जशीच्या तशी लावू नका.

लेपाची २ नॅनोमीटर जाडी किरकोळ वाटते, पण हिशेबात ती मोठी ठरते. गाभा १० नॅनोमीटरचा, लेपासह व्यास १४. म्हणजे घनफळ १.४ चा घन, जवळजवळ २.७ पट. मॅग्नेटाइट ५ टक्के असलेल्या द्रवात प्रवाहाला अडवणारे घनफळ सुमारे १३.७ टक्के असते. श्यानतेच्या सूत्रात ५ घालून बसलात तर उत्तर कधीच जुळणार नाही.

मॅग्नेटाइटचे प्रमाण घनतेवरून काढता येते. द्रवाच्या घनतेतून वाहकाची घनता वजा करा आणि ५.१८ वजा वाहकाची घनता या संख्येने भागा. द्रव १.०२, रॉकेल ०.८०, तर ०.२२ भागिले ४.३८, म्हणजे ५ टक्के. लेपाची घनता रॉकेलपेक्षा थोडी वेगळी असते, तेवढी चूक यात राहते, पण सुरुवातीला चालते.

तापमान कुठे कुठे हात घालते

वाहक पातळ होतो, हे झालेच. बाकीच्या गोष्टी त्यामानाने सौम्य आहेत, आणि त्या किती सौम्य आहेत हे आधी माहीत असले की चुकीची वाचने ओळखता येतात.

कणाचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाचा जोर आणि दिशा, क्षेत्राच्या दिशेने धरून ठेवायला क्षेत्र पाहते, उष्णतेची धडपड ते विस्कटायला पाहते. १० नॅनोमीटरच्या कणासाठी ०.१ टेस्ला क्षेत्रात या दोन ऊर्जांचे गुणोत्तर ३०० केल्विनला ५.६ येते आणि ३५० केल्विनला ४.८. श्लिओमिस यांच्या १९७२ च्या सूत्रात हे आकडे घातले, प्रवाहाला अडवणारे घनफळ १३.७ टक्के धरले आणि क्षेत्र प्रवाहाच्या भोवऱ्याच्या अक्षाला (प्रवाहात कण ज्या अक्षाभोवती गरगरतात त्याला) काटकोनात ठेवले, तर क्षेत्रामुळे होणारी वाढ १४.४ टक्क्यांवरून १३.५ टक्क्यांवर येते. पन्नास अंशांच्या फरकात एवढाच बदल. क्षेत्र कितीही वाढवले तरी सुटे कण या हिशेबात २०.५ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाहीत.

हा हिशेबही उदारच आहे. लहान कणांत आघूर्ण कणाच्या आतल्या आत वळते, कण स्वतः फिरत नाही. मग प्रवाहाला अडथळा होत नाही. हे आतले वळणे म्हणजे नील शिथिलन, आणि कणासकट वळणे म्हणजे ब्राउन शिथिलन. नील काळ कणाच्या घनफळावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो, त्यामुळे उंबरठा धारदार असतो. मॅग्नेटाइटसाठी तो कणांच्या विषमदिकतेनुसार (आघूर्ण ठरावीक दिशेला किती घट्ट धरले जाते त्यानुसार) साधारण १३ ते २० नॅनोमीटरच्या दरम्यान कुठेतरी पडतो. म्हणजे सरासरी १० नॅनोमीटरच्या द्रवात बहुतांश कण श्यानतावाढीत भागच घेत नाहीत. भाग घेतात ते थोडे मोठे कण, जे प्रत्येक बाटलीत असतातच.

तरीही मोजताना वाढ २० टक्क्यांच्या पुढे गेली तर? मग साखळ्या आहेत. दोन कणांमधले चुंबकीय आकर्षण भागिले औष्णिक ऊर्जा ही संख्या १० नॅनोमीटरच्या लेपित कणांसाठी खोलीच्या तापमानाला ०.५ च्या आसपास येते, पण १६ नॅनोमीटरच्या कणांसाठी २.८. ढोबळमानाने ही संख्या १ च्या खाली असेल तर साखळ्या होत नाहीत, २ च्या वर गेली की होऊ लागतात. ७० अंशांना २.८ ची २.४ होते. फरक लहान दिसतो, पण साखळीची लांबी या संख्येला फार संवेदनशील असते, म्हणून साखळ्यांचा परिणाम तापमानाने झपाट्याने ओसरतो. साखळ्या प्रवाहाच्या ओढीनेही तुटतात. तापमानानेही पडतो आणि कर्तन दर (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते) वाढवला की आणखी पडतो, असा परिणाम दिसला की साखळ्यांचा संशय घ्या.

कोणता नमुना घ्यावा

पहिल्या वेळेला एस्टर किंवा जड खनिज तेलातला द्रव घ्या. पाण्यातला आणि रॉकेलमधला घेऊ नका. कारण बाष्पीभवन. पातळ थरात ६० अंशांना पाणी मिनिटांत उडते, कणांचे प्रमाण वाढते, आणि श्यानता तापमानाबरोबर उतरायची सोडून चढायला लागते. या चढाला नवीन शोध समजून त्यावर आठवडे घालवता येतात. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) ३५-४० अंशांच्या घरात असतो, त्यामुळे उघड्या बाथवर (ठरावीक तापमानाच्या पाण्याच्या टाकीवर) ते तापवणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

द्रव टिकाऊ आहे का हे आधी तपासा. छोट्या काचेच्या कुपीत ५ मिलीलिटर घेऊन खाली नियोडिमियमचा चुंबक एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी कुपी चुंबकावरून न उचलता वरचा द्रव ड्रॉपरने काढा. तळाशी काळा, चिखलासारखा थर राहिला आणि चुंबक काढून हलवल्यावरही तो विरघळला नाही, तर तो नमुना मोजमापाच्या कामाचा नाही.

आणि चुंबक उघडा वापरू नका, दोन पदरी पॉलिथिनमध्ये गुंडाळा. एकदा द्रव चुंबकाला लागला की तो पुसला जात नाही, फक्त पसरतो.

उपकरण: काचेची नळी की शंकू-पट्टी?

क्षेत्राशिवाय मोजायचे असेल तर काचेचा केशनलिका व्हिस्कोमीटर स्वस्त आणि अचूक. पण नेहमीचा प्रकार चालत नाही. काळा द्रव काचेला चिकटून राहतो आणि खुणेवरून पातळी कधी गेली ते दिसत नाही. अपारदर्शक द्रवांसाठी उलट्या प्रवाहाचा प्रकार मिळतो. त्यात द्रव कोरड्या फुग्यात वर चढताना वेळ मोजतात. प्रत्येक वाचनाआधी नळी धुऊन वाळवावी लागते; कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. या नळीतून मिळते ती कायनेमॅटिक श्यानता, म्हणजे श्यानता भागिले घनता. तिला त्या त्या तापमानाच्या घनतेने गुणायचे असते, वीस अंशांच्या घनतेने नाही. हलक्या तेलांची घनता दर अंशाला जवळपास हजारात एक इतकी कमी होते, म्हणजे ५० अंशांच्या फरकात चार-पाच टक्के. १० मिलीलिटरचा पिक्नोमीटर (घनता मोजायची ठरावीक घनफळाची कुपी) त्याच बाथमध्ये ठेवून घनता काढा.

याच नळीभोवती सोलेनॉइड (तारेची लांब कॉइल) गुंडाळून क्षेत्र देण्याचा मोह होतो. १९६९ मध्ये मॅकटॅग यांनी नळीतल्या प्रवाहावरच हा परिणाम मोजला होता, आणि नळीला समांतर क्षेत्रात तो आडव्या क्षेत्राच्या दुप्पट आला होता. पण नवख्याने ही वाट धरू नये. नळीत द्रव उतरतो तो स्वतःच्या वजनाने. १० सेंटिमीटर उंचीच्या आणि १.०२ घनतेच्या स्तंभाचा दाब सुमारे १००० पास्कल. आता सोलेनॉइडचे क्षेत्र ०.०५ टेस्ला असेल, द्रवाचे सरासरी चुंबकन मीटरला १५ किलोअँपिअर असेल आणि द्रवाची एक पातळी क्षेत्रात तर दुसरी बाहेर असेल, तर चुंबकीय दाब भरतो ७५० पास्कल. म्हणजे चुंबक द्रवाला जवळजवळ वजनाइतक्याच जोराने ओढतो किंवा अडवतो, आणि घड्याळात पडलेल्या त्या फरकाला आपण श्यानता समजतो. दोन्ही पातळ्या संपूर्ण वेळ सारख्याच क्षेत्रात असतील तरच ही चूक रद्द होते. ते जमवणे अनुभवी हातांचे काम.

म्हणून क्षेत्रासाठी शंकू-पट्टीचे फिरते उपकरण. सपाट पट्टीवर बसका शंकू फिरतो, मधल्या फटीत द्रव असतो, आणि शंकू फिरवायला लागणाऱ्या टॉर्कवरून (पिळाच्या जोरावरून) श्यानता मिळते. याला प्रयोगशाळेत सर्रास ‘कोन-प्लेट’ म्हणतात, पण मराठीत कोन म्हणजे अँगल, आणि इथे शंकूचा कोनही सांगावा लागतो. म्हणून इथे शंकूच म्हटले आहे. यात फटीत सगळीकडे कर्तन दर सारखा असतो, आणि क्षेत्र उभे दिले तर ते भोवऱ्याच्या अक्षाला आपोआप काटकोनात येते, म्हणजे परिणाम पूर्ण दिसतो. शंकू ४० मिलीमीटर व्यासाचा आणि १ अंशाचा असेल तर नमुना फक्त ०.२९ मिलीलिटर लागतो. ०.८ अंशाच्या शंकूला मिनिटातल्या फेऱ्यांना ७.५ ने गुणले की सेकंदातला कर्तन दर मिळतो. १ अंशाच्या शंकूला ६ ने.

शंकू आणि पट्टी अचुंबकीय हव्यात. टायटॅनियम उत्तम, ३१६ स्टेनलेस स्टील चालते. ३०४ स्टीलवर यंत्रकाम झालेले असेल तर ते थोडेसे चुंबकीय बनते. दोऱ्याला बांधलेला नियोडिमियमचा तुकडा शंकूजवळ लोंबकळवा. तो जरा जरी ओढला गेला तर तो शंकू बाजूला ठेवा.

क्षेत्राची मांडणी

लोखंडी गाभ्याची कॉइल पट्टीखाली, आणि चुंबकीय रेषा वरून परत आणणारे लोखंडी झाकण शंकूच्या वर. झाकणाशिवाय क्षेत्र कडेकडे पसरते, द्रव मध्यातून कडेला किंवा कडेकडून मध्यात ओढला जातो, आणि फट अर्धी रिकामी राहते. शिवाय उभ्या क्षेत्रात द्रवाच्या उघड्या कडेवर काटे उठतात. ते दिसले की क्षेत्र जास्त आहे किंवा नमुना जास्त भरला आहे, असे समजा.

विद्युतपुरवठा स्थिर प्रवाहाचा घ्या, स्थिर व्होल्टचा नको. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध सुमारे २० टक्के वाढतो, आणि व्होल्ट तेवढेच राहिले तर क्षेत्र १६ टक्क्यांनी खाली येते. हा घसारा नेमका तापमानाबरोबरच घडतो, म्हणून तो द्रवाचा गुणधर्म वाटतो.

गॉसमीटरने फटीच्या जागी, शंकू काढून, मध्यात आणि कडेला क्षेत्र मोजा. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर मांडणी सुधारा. प्रवाह बंद केल्यावरही मोजा. लोखंडी गाभ्यात काही मिलिटेस्ला उरतात, आणि तुमचे ‘क्षेत्र बंद’ वाचन खरे बंद नसते. प्रवाहाची दिशा उलटसुलट करत तो टप्प्याटप्प्याने शून्यावर आणला की उरलेले क्षेत्र जाते.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. पातळ थराला उभे क्षेत्र दिले तर द्रवाच्या आतले क्षेत्र बाहेरच्याएवढे नसते. बाहेरच्यातून द्रवाचे स्वतःचे चुंबकन वजा होते. ५० मिलिटेस्ला म्हणजे मीटरला सुमारे ४० किलोअँपिअर. द्रवाचे चुंबकन १५ असेल तर आत उरतात २५. तापमान वाढले की चुंबकन थोडे कमी होते आणि आतले क्षेत्र थोडे वाढते. आलेखावर बाहेरचे क्षेत्र लिहिणार असाल तर तसे स्पष्ट लिहा.

तापमान खरे किती आहे

पाण्याची श्यानता खोलीच्या तापमानाला दर अंशाला सुमारे २ टक्के बदलते, जड तेलांची त्याहून जास्त. एक टक्का अचूकता हवी तर तापमान ०.२ अंशात धरायला हवे. बाथ ०.१ अंशाचा असावा.

बाथवरचा आकडा हे नमुन्याचे तापमान नव्हे. ९० वॉट खाणारी कॉइल पट्टीखाली असेल तर क्षेत्र चालू केल्यावर नमुना आपोआप तापतो, पातळ होतो, आणि क्षेत्राचा परिणाम कमी दिसतो. कॉइल आणि पट्टी यांच्यामध्ये बाथचे पाणी फिरणारा कप्पा हवा, आणि संवेदक पट्टीच्या आत, द्रवापासून एक-दोन मिलीमीटरवर. संवेदक पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावर चालणारा) किंवा टी-प्रकारचे थर्मोकपल घ्या. के-प्रकार घेऊ नका, त्यातला अल्युमेलचा तार स्वतः चुंबकीय असतो.

पट्टी गरम आणि शंकू थंड राहिला तर आणखी एक अडचण. थंड द्रव जास्त चुंबकीय असतो, म्हणून तो जोरदार क्षेत्राकडे सरकतो आणि गरम द्रव बाजूला ढकलला जातो. हे औष्णिक-चुंबकीय संवहन यंत्रे थंड ठेवण्यासाठी कुणाला उपयोगी वाटेल, आपल्याला नको आहे. वरून उष्णतारोधक झाकण ठेवा.

आपल्याकडच्या ऋतूंचाही विचार करा. मे महिन्यात विदर्भात खोलीच ३८ अंशांवर असताना, थंड करण्याची सोय नसलेला बाथ २५ अंश धरू शकत नाही; पाण्याचे तापमान खोलीपेक्षा किमान ५ अंश वर ठेवावे लागते. आणि कोकणात पावसाळ्यात पट्टी १० अंशांवर नेली तर तिच्यावर दव धरते. ते तेलाच्या नमुन्यात मिसळते आणि कडेला पांढुरका फेस दिसतो. पावसाळ्यात पहिले तापमान ३० धरा.

प्रत्यक्ष मोजणी

पायरी १. उपकरण आधी क्षेत्राशिवाय माहीत असलेल्या द्रवावर तपासा. प्रमाणित तेल उत्तम. काचेच्या नळीला पाणीही चालते: २५ अंशांना ०.८९०, ४० अंशांना ०.६५३ मिलीपास्कल-सेकंद. आकडा २ टक्क्यांत जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी २. बाटली हाताने पाच मिनिटे सावकाश उलटसुलट करा. जोरात हलवली तर फेस येतो आणि बारीक बुडबुडे शंकूखाली अडकतात. पिपेटने मोजून नमुना पट्टीच्या मधोमध सोडा, शंकू हळू उतरवा. कडेला द्रव शंकूच्या काठाशी समपातळीत दिसला पाहिजे.

पायरी ३. क्षेत्र बंद. सेकंदाला २०० च्या कर्तन दराने एक मिनिट फिरवा, म्हणजे भरताना आलेली रचना मोडते. मग दोन मिनिटे थांबा.

पायरी ४. पहिल्या तापमानावर १५ मिनिटे जाऊ द्या. संवेदकाचा आकडा स्थिर झाला तरी थांबा; धातू आधी स्थिर होतो, द्रव आणि शंकू मागून.

पायरी ५. क्षेत्र बंद असताना सेकंदाला १०, ३०, १००, ३००, ६०० अशा पाच कर्तन दरांवर वाचने घ्या. प्रत्येक वाचन टॉर्क स्थिर झाल्यावर.

पायरी ६. क्षेत्र चालू करा, १०-१५ मिनिटे थांबा, तापमान पुन्हा पाहा, आणि तेच पाच दर त्याच क्रमाने. मग ६०० वरून १० पर्यंत उलट या. चढती आणि उतरती रेषा जुळली नाही तर साखळ्या पुन्हा जुळायला वेळ घेत आहेत. थांबण्याचा काळ वाढवा.

पायरी ७. क्षेत्र बंद, गाभा निचुंबकित, पुन्हा १०० च्या दराला एक वाचन. हे पायरी ५ शी जुळायला हवे. ही पायरी वेळ वाचवायला गाळली जाते, आणि तीच सर्वात जास्त सांगून जाते.

पायरी ८. तापमान १० अंशांनी वाढवा: ३०, ४०, ५०, ६०, ७०. शेवटी ३० वर परत येऊन सगळे एकदा पुन्हा. ३० ची दोन वाचने ३ टक्क्यांत जुळली तर माहिती ठेवा. परतीचे वाचन जास्त आले तर वाहक उडाला आहे. कमी आले आणि पट्टीवर काळे कण दिसले तर लेप सुटून गुठळ्या झाल्या आहेत. तो नमुना टाकून द्या, बाटलीत परत ओतू नका.

वर ७० वर थांबलो, कारण वरच्या मर्यादेचा निर्णय उत्पादकाच्या तक्त्यावर घ्यावा. मॅग्नेटाइटचा क्युरी बिंदू (जिथे त्याचे चुंबकत्व संपते) ५८५ अंश आहे, पण त्याच्या कितीतरी आधी लेप आणि वाहक हार मानतात.

आकडेमोड

समजा एस्टरच्या एका द्रवाला १०० च्या कर्तन दराने हे आकडे मिळाले. २० अंशांना क्षेत्राशिवाय १००, क्षेत्रात १३० मिलीपास्कल-सेकंद. ६० अंशांना २५ आणि ३०. वजाबाकी केली तर ३० वरून ५. परिणाम सहा पटीने पडला असे वाटते. गुणोत्तर घेतले तर १.३० वरून १.२०. वाढ ३० टक्के होती ती २० टक्के झाली. खरी बातमी ही दुसरी आहे. आणि मॅग्नेटाइट ५ टक्केच असेल तर २० अंशांची ३० टक्के वाढ सुट्या कणांच्या २०.५ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडची आहे, म्हणजे थंडीत साखळ्या होत्या आणि उष्णतेने त्या बऱ्याचशा तुटल्या.

पुढचा आलेख: उभ्या अक्षावर श्यानतेचा नैसर्गिक लॉगरिथम, आडव्या अक्षावर १ भागिले केल्विन तापमान. बिंदू साधारण सरळ रेषेत येतात. तिच्या उताराला ८.३१४ ने गुणले की प्रवाहाची सक्रियन ऊर्जा (तापमानाने श्यानता किती झपाट्याने बदलते याचे माप) मोलला जूलमध्ये मिळते. वरच्या आकड्यांवरून ती क्षेत्राशिवाय २८.१ आणि क्षेत्रात २९.८ किलोजूल येते. हाच हिशेब पाण्याच्या २० आणि ६० अंशांच्या आकड्यांवर केला तर १५.५ येतात, आपला हिशेब बरोबर चालला आहे ना हे पाहायला हा सोपा पडताळा. दोन बिंदूंवरून काढलेली ऊर्जा लेखात छापू नका, किमान पाच तापमाने घ्या. जड तेलांत ही रेषा थंड टोकाला वर वाकते, तो दोष नव्हे.

नळीच्या व्हिस्कोमीटरची माहिती याच आलेखात घालताना सावध राहा. नळीत ढकलणारा दाब जवळपास स्थिर असतो, त्यामुळे द्रव गरम होऊन पातळ झाला की कर्तन दर आपोआप वाढतो. साखळ्या असलेल्या द्रवात मग तापमानाचा आणि कर्तनाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. शंकूत कर्तन दर आपण ठरवतो, म्हणून हा गोंधळ टळतो.

आणखी काही बिघाड

गरम टोकाला, कमी कर्तन दरावर वाचने इकडेतिकडे उडतात. टॉर्क किती लहान असतो पाहा: ४० मिलीमीटरचा शंकू, श्यानता ३ मिलीपास्कल-सेकंद, दर १०, तर टॉर्क अर्धा मायक्रोन्यूटन-मीटर. ब्रुकफिल्ड कंपनीच्या व्हिस्कोमीटरमधल्या एलव्ही स्प्रिंगची पूर्ण क्षमता ६७ मायक्रोन्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे आपण एक टक्क्याच्याही खाली आहोत. १० टक्क्यांखालचे वाचन धरू नये हा नेहमीचा नियम इथेही लावा. पातळ द्रवाला मोठा शंकू घ्या, किंवा तो कमी दर सोडून द्या. कमी दराचे बिंदू आकर्षक असतात कारण तिथे चुंबकाचा परिणाम मोठा दिसतो. पण टॉर्क नसेल तर तो परिणाम उपकरणाचा असतो.

क्षेत्र चालू करताच रिकाम्या शंकूवरही टॉर्क दिसला, तर शंकूचा दांडा किंवा बेअरिंग चुंबकीय आहे. नमुना नसताना प्रत्येक क्षेत्राला एक वाचन घेऊन ठेवा, म्हणजे हे आधीच कळते.

दोन शेजारच्या बाटल्यांचे आकडे जुळत नाहीत ही तक्रार नेहमीची. कारण बहुधा कणांच्या आकाराची शेपटी, म्हणजे जे दोन-चार टक्के कण मोठे असतात त्यांचे प्रमाण. जर्मनीत स्टेफान ओडेनबाख यांच्या गटाच्या कामातून हेच पुढे आले की श्यानतावाढ या मोठ्या कणांच्या हातात असते. म्हणून एका मालिकेसाठी एकच बाटली आणि तिचा तुकडी क्रमांक वहीत. भारतात या द्रवांवरचे जुने काम भावनगरला झाले, १९९५ ची आंतरराष्ट्रीय परिषदही तिथे भरली होती; या विषयावर मराठीत फारसे नसले तरी जवळच्या गुजरातेतले शोधनिबंध वाचायला मिळतात.

स्वच्छता: तेलातल्या द्रवाला आधी हेप्टेन किंवा स्वच्छ रॉकेल, मग अ‍ॅसिटोन. पाणी आणि साबणाने सुरुवात केली तर काळे लोणी तयार होते आणि शंकूच्या टोकाशी बसते. सगळे पट्टी थंड झाल्यावर, कॉइल बंद असताना. पुसलेले कापूस वेगळ्या झाकणाच्या डब्यात टाका, सिंकमध्ये नाही.